भुऱ्याचे दहा दिवस

मार्गशीर्ष शुद्ध ७, फसली १३४७. वालूर.

डावा हात पट्टीत आहे. उजवा चावला असता तर ही वहीपण बंद पडली असती, एवढंच नशीब.

काल चंपाषष्ठी. खंडोबाची तळी भरली, दारच्या कुत्र्याला भरीत-रोडग्याचा नैवेद्य वाढला, सगळं रीतीनं झालं. पोलीस पाटील माणिकराव जेवायला होते. त्यांच्या पानात आमच्या कस्तुराबाईनं नेमका करपलेला रोडगा वाढला! पाटील बिचारे हसून म्हणाले, "किशनराव, औंदा देवाला काळा रंग आवडला वाटतं." माझी मान खाली. ते गेल्यावर बायकोला दोन शब्द बोलावे लागले. बोलू नाही तर काय ओवाळू? हातात काठी होती ती होतीच, मुद्दाम घेतली नव्हती. डाव्या हातानं तिला नुसतं धरलं होतं, बोलणं अर्धवट टाकून पळू नये म्हणून. तेवढ्यात अंगणात नैवेद्य खात असलेला भुऱ्या, सहा वर्षं माझ्या घरची भाकर खाऊन माजलेला, समोरचं भरीत टाकून धावत आला आणि माझ्या डाव्या मनगटाला डसला.

भरल्या ताटावरून उठून कोणी चावतं का? डोकं फिरल्याशिवाय?

आज सकाळी धाकट्या भावानं, आश्रुबानं गाडी जुंपली आणि सेलूच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरनं जखम कार्बोलिकनं जाळली. मी ओरडलो नाही, असं निदान आश्रुबा गावात सांगतोय. डॉक्टरनं विचारलं, "कुत्ते को छेड़े थे क्या?" म्हटलं, बिलकुल नाही. ते काही खोटं नव्हतं. कुत्र्याला कोणी छेडलं? ऐकून डॉक्टरचं तोंड उतरलं. "बेवजह काटा तो शक जास्ती," म्हणाला.

मग त्यानं समजावलं ते असं. कुत्र्याला मारायचं नाही, बांधून ठेवायचं. दहा दिवस जगलं तर मला काही धोका नाही. मधेच पिसाळलं किंवा मेलं, तर त्याच दिवशी हैदराबादची गाडी धरायची आणि पोटात चौदा सुया. मी म्हटलं, मग आत्ताच टोचा ना! तर म्हणे त्या सुयांनी एखाद्याचे पायच जातात, उगाच कशाला. एक कोरा कागद दिला. कुत्रं खातं का, पाणी पितं का, लाळ गळते का, वागणं बदललं का, रोज लिहायचं.

चाळीस एकरांचा मालक मी, आणि माझा जीव गोठ्यात दाव्याला बांधलाय.

शुद्ध ८

सकाळीच माणिकराव, आश्रुबा आणि चौघे गडी काठ्या घेऊन हजर. मीच गोठ्याच्या दारात आडवा झालो. "दहा दिवस कुणी हात लावायचा नाही!"

आश्रुबा म्हणाला, "दादा, गावात लेकरंबाळं हायेत. दावं तोडून सुटलं म्हंजे? तुमी एकटेच हाव का गावात?"

त्याचंही खरं आहे, पण मला ते पटवून घेऊन चालणार नाही. आरडाओरड वाढली तेव्हा खंडोबाचा पुजारी म्हातारा मुंजाजी पुढं झाला. म्हणाला, "चंपाषष्ठीचा निवेद खाल्लेलं कुत्रं हाय ते. पुनवंपस्तोर त्याच्या अंगावर काठी पडायची न्हाई. पुनव झाली की मंग तुमी आन् ते." सगळ्यांनी माना डोलावल्या. काठ्या खाली आल्या. मीही हात जोडले, आणि मग बोटं मोजली. पुनव नववा दिवस! डॉक्टरचे दिवस दहा!

पाटलाला म्हटलं, एक दिवस वाढवा. पाटील म्हणतो, "एका दिसानं काय व्हतंय, किशनराव?" एका दिवसानं माझा जीव जातो, बाकी काही होत नाही.

कस्तुरा सगळा वेळ चौकटीला टेकून उभी होती. नंतर मी म्हटलं, नवरा मरायला टेकलाय, काही चिंता आहे का? "हाय की," म्हणाली आणि कुत्र्याला पाणी ठेवायला गेली.

शुद्ध ९

मुंजाजीच्या सांगण्यावरून सात विहिरींत डोकावून आलो. कुत्रं चावल्यावर हे करावंच लागतं. पाण्यात आपलं तोंड दिसलं तर बरं, कुत्र्याचं दिसलं तर खेळ खलास. वालूरला विहिरींना तोटा नाही, ही त्यातल्या त्यात सोय. तीन झाल्या. चौथीत डोकावलो तर आतून पारवे उडाले, पाणी हललं आणि मला माझं तोंडच दिसेना. पुढच्या तीन कशाबशा उरकल्या. सातवीत दिसलं, पण इतकं भेदरलेलं की हा कोण, असं वाटलं. शिकलेला माणूस मी, उर्दू सातवी पास. हसू आलं.

डॉक्टरच्या कागदावर लिहिलं: पाणी पितो. लाळ नाही. मी जवळ गेलो की तोंड फिरवतो. ओठ चाटतो. जांभया देतो.

या जांभयांचं काही कळत नाही. दुपारभर झोपलेलं कुत्रं मला बघून कशाला जांभया देतंय?

शुद्ध ११

काल लिहिण्याच्या अवस्थेत नव्हतो. सकाळपासून गोठ्यासमोर बाज टाकून बसलो होतो. कस्तुरानं भुऱ्यापुढं भाकर टाकली. त्यानं हुंगली, माझ्याकडं पाहिलं, मान वळवली. एक तास. दोन तास. भाकर तशीच. मी काठीनं भाकर त्याच्याकडं सरकवली तर अंग चोरून पार भिंतीला चिकटला. डोळ्यांतलं पांढरं दिसायला लागलं. अन्न सोडलं म्हणजे सुरुवात झाली, असं डॉक्टर म्हणाला होता.

पिसाळलेल्या माणसाला पाणी गिळवत नाही म्हणतात, म्हणून तांब्या तोंडाला लावून बघितला. ठसका लागला! संपलं म्हटलं. आश्रुबाला हाका मारल्या. तो धावत आला, सगळं ऐकून घेतलं आणि नालायक हसायला लागला. "दादा, नरडं आवळून बसल्यावर पानी कुटून उतरंल? आदी श्वास घ्या."

कस्तुरा म्हणाली, "तुमी उठा हितून. तुमी असल्यावर त्यो खायचा न्हाई."

रागानं उठून शेतात गेलो. परत आलो तर भाकर संपलेली. तिनं गायीला घातली नसेल कशावरून? म्हणून आज सकाळी शेतात जातो सांगून गोठ्याच्या भिंतीआड उभा राहिलो. भुऱ्या तिच्या मांडीवर डोकं ठेवून बसला होता, शेपटी जमिनीवर आपटत होता, आणि ती त्याच्याशी बोलत होती. हळू आवाजात, मधेमधे हसत. काय ते ऐकू आलं नाही. मला नवल वाटलं ते तिच्या बोलण्याचं. लग्नाला एकोणीस वर्षं झाली, लेक गंगाखेडला दिली, पण माझ्याशी ही बाई वर्षभरात एवढं बोलत नाही. तो एकदम कान टवकारून माझ्या दिशेला बघायला लागला. मग तिनं पाहिलं. बोलणं थांबलं, पदर ओढला, उठली. दोघांचंही तोंड असं झालं, जणू मी त्यांना चोरी करताना धरलं.

कागदावर लिहिलं: मी दिसलो की खाणं थांबवतो.

शुद्ध १२

कस्तुराला खांद्यावर हंडा घेता येईना. कमरेवर घेऊन वाकडी चालते. विचारलं काय झालं, तर म्हणे कायी न्हाई. बायकांचं दुखणं कधी सरळ कळेल तर शपथ.

कुत्रं तसंच. मला अंगात कणकण वाटते.

शुद्ध १३

आज माझी खात्री झाली. झालं ते क्रमानं लिहून ठेवतो.

दुपारी वरणात मीठ नव्हतं. मी कस्तुराला ओरडलो. गोठ्यातून भुऱ्याची गुरगुर ऐकू आली. बाहेर येऊन बघतो तर दावं ताणून उभा, पाठीवरचे केस ताठ, नजर स्वयंपाकघराच्या दाराकडं. म्हटलं, आवाजानं बिथरतो का ते बघू. पिसाळलेलं कुत्रं आवाजानं बिथरतं, हे डॉक्टरनंच सांगितलं होतं. गड्याला जोरात शिवी दिली. भुऱ्यानं कानसुद्धा हलवला नाही. बैलावर ओरडलो. काही नाही. मग घरात जाऊन कस्तुराला ओरडलो. लगेच गुरगुर! पुन्हा करून बघितलं. एकूण तीन वेळा तिला विनाकारण ओरडून घेतलं, इलाजाची बाब म्हणून. तिन्ही वेळा तेच. ती परातीवर मान खाली घालून पीठ मळत राहिली, दर खेपेला खांदे तेवढे कानापर्यंत वर जायचे.

खाण्यावर वासना नाही, अंग चोरतो, डोळे फिरवतो, घरातल्याच आवाजावर चवताळतो. आता आणखी काय बघायचं राहिलं? माणिकरावांना जाऊन सांगितलं, कुत्रं पिसाळलंय, परवा पुनवेला सकाळी या. आश्रुबाला म्हटलं, लगोलग मला सेलूला सोड, तिथून हैदराबाद.

कस्तुरानं विचारलं, "नक्की ठरलं?"

म्हटलं, ठरलं.

"त्याला मारायचं बी?"

म्हटलं, हो, ते पण. तिनं चुलीत लाकूड सारलं.

मला मरायचं नाही. बेचाळीस म्हणजे काही वय नाही. पाण्याला भिऊन, खाटेला बांधून, तोंडाला फेस येऊन मरायचं नाही. आश्रुबासमोर हे बोललो तर गावभर होईल, म्हणून इथं लिहितो. भीती वाटते. लय भीती वाटते.

पौर्णिमा

कुत्रं नाही. कस्तुराही नाही.

दिवस उगवायला पाटील गडी घेऊन आले. गोठ्यात दावं पडलेलं. मी ओरडलो, "तोडून पळालं! सांगत नव्हतो पिसाळलंय म्हणून!" गडी काठ्या घेऊन शिवारात पांगले. आश्रुबानं दावं उचलून उलटसुलट बघितलं आणि म्हणाला, "दादा, तुटलं न्हाई हे. गाठ सोडलीया. वैनी कुठं हायेत?"

चूल गार होती. तिचं जुनेर लुगडं दांडीवर नव्हतं. दुधना नदीच्या काठी बोरगाव हे तिचं माहेर, इथून चार कोस. अंधारातच निघाली असणार, त्या खांद्यानं, आणि पिसाळलेलं कुत्रं सोबत घेऊन. मी आश्रुबाला म्हटलं, हिचं पण डोकं फिरलं. त्यानं दावं खुंट्याला अडकवलं. मग म्हणाला, "दादा, पिसाळलेलं कुत्रं घिऊन कोन माहेरला जातंय?" आणि गड्यांना हाका मारायला निघून गेला.

दुपारी हैदराबादसाठी गाठोडं बांधत होतो. डॉक्टरचा कागद सोबत न्यायचा म्हणून काढला, कुठं काही राहिलं का ते बघायला वाचला.

मी जवळ गेलो की तोंड फिरवतो. मी दिसलो की खाणं थांबवतो. काठी दिसली की अंग चोरतो. माझा आवाज चढला की.

पुढचं वाचलंच नाही. परातीवर मान घातलेली कस्तुरा समोर आली. अक्षर माझं, कागद कुत्र्याचा, आणि प्रत्येक ओळीत तीच बसलेली. मी कागद घडी करून ठेवला. पुन्हा काढला. म्हटलं, हे काहीतरीच. बायका मागूनच जेवतात, त्यात काय? सगळ्याच घरात नवरा आला की पदर ओढतात. पण गोठ्याच्या भिंतीआडून जे पाहिलं ते डोळ्यापुढून हलेना. हसता हसता ती गप्प झाली, ते मी दिसलो म्हणून. दुसरं कुणी आलं असतं तर झाली नसती.

वही माझी आहे, दुसरं कोणी वाचणार नाही, तर मग खरं लिहून टाकतो. काठी हातात नव्हती. खुंटीवरून काढली होती. तिला धरून दोन मारल्या, दुसरी खांद्यावर बसली, तिसरी उगारली तेव्हा भुऱ्या आला. हंडा का घेता येत नाही, हे मला विचारायची गरज नव्हती. आणि हे पहिल्यांदा झालं असंही नाही.

म्हणजे कुत्रं विनाकारण चावलेलं नाही. म्हणजे ते पिसाळलेलं नसणार. म्हणजे मी मरत नाही! लिहिताना मोकळं वाटायला पाहिजे. लाज वाटते. आणि तरी मनात येतंच, ते आज जिवंत असेल ना? नाहीतर?

वद्य १

आश्रुबाला म्हटलं, सेलूला नको, बोरगावला जायचंय, आणि मी एकटाच जातो. "काठी ठिवून जावा, दादा," एवढंच म्हणाला. वाटेत दुधनेला बैल पाण्याला थांबवले. ओंजळीनं मीही प्यायलो. सहज उतरलं.

सासूबाई गोजरबाई दारातच होत्या. "या जावईबापू. पाय धुवा," म्हणाल्या, पण दारातून बाजूला काही सरल्या नाहीत. मी अंगणात उभा राहिलो.

कस्तुरा ओट्यावर तुरीच्या शेंगा सोलत होती. भुऱ्या तिच्या पायाशी, मोकळा, दावं नाही. डोळे मिटून पडला होता. मला बघून उठला नाही, पण कान मागं गेले आणि जिभेनं ओठ चाटले. आता मला ती जांभईसुद्धा कळते, भीतीची. भोवती कोंबड्या होत्या, शेजारची दोन पोरं त्याच्या अंगावरून इकडून तिकडं उड्या मारत होती. पिसाळलेलं कुत्रं!

ती शेंगांवरून नजर न काढता बोलली. एकोणीस वर्षांत तिचं एवढं लांब बोलणं मी समोरासमोर ऐकलं नव्हतं.

"धा दिस झालं. खातंय, पितंय, जितं हाय. तुमी बी जगताल. न्हाईतर तुमी त्याला आदल्याच दिशी मारायला काढलं व्हतं, आन् मंग जलमभर पान्याकडं बघून भेत बसला असता. म्हून आनलं."

मी म्हटलं, "तो का चावला, ते तू पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंस? दहा दिवस मी मरणाच्या भीतीत काढले."

तिनं पहिल्यांदा वर पाहिलं. "तुमाला ठावं न्हवतं व्हय?"

मी मनगटाच्या पट्टीची गाठ चाचपली.

"तुमी धा दिस भ्यालात," ती म्हणाली. "धाच." आणि पुन्हा शेंगा घेतल्या.

मला पुष्कळ बोलायचं होतं. वाटेनं चार कोस तेच घोकत आलो होतो. चुकलो म्हणायचं होतं. पण तोंडातून निघालं ते, "चल घरी." आणि आवाज नेहमीचाच, माझा. तो मलाच ऐकू आला. भुऱ्या उठून उभा राहिला. गोजरबाई एक पाऊल पुढं झाल्या.

शब्दांनी जमणार नाही हे मला कळलं. म्हटलं, आपला रुमाल डोक्यावरून काढावा आणि तिच्या पायापाशी ठेवावा. सासूसमोर, शेजारच्या पोरांसमोर, ज्याला बघायचं त्यानं बघावं. म्हणून ओट्याजवळ गेलो आणि उजवा हात डोक्याकडं नेला.

भुऱ्या झेप घेऊन मधे आला. तो भुंकला नाही, चावला नाही. तिच्या गुडघ्यांना पाठ लावून माझ्याकडं तोंड करून उभा राहिला, पाय थरथरत होते. आणि त्याच्या मागं कस्तुरानं मान आत ओढली, कोपर तोंडावर घेतलं, डोळे घट्ट मिटले. मांडीवरच्या शेंगा ओट्यावर सांडल्या. उड्या मारणारी पोरं थांबली.

रुमाल काढायचा होता, हे सांगायला तोंड उघडावं तर आवाज निघाला असता. मी एक पाऊलही हललो नाही. हात तसाच वर राहिला, आणि तो खाली कसा आणायचा, ते मला कळेना.